न आलेला ताप

वैशाखातली गोष्ट. लढाई संपून वर्ष होत आलं होतं. कोरेगावजवळच्या एका खेड्यातला सयाजी जगदाळे सकाळच्या आगगाडीनं कराडला आला आणि तिथून सर्व्हिस मोटारीनं शिराळ्याच्या वाटेला लागला. काम साधंच होतं. पलटणीतला त्याचा जोडीदार गुंडा परमुलखात वारला होता. त्याची घोंगडी त्याच्या आईला नेऊन द्यायची, म्हातारीच्या पाया पडायचं आणि माघारी फिरायचं.

निघताना बायको, अंजना, म्हणाली होती, “घरी येऊन किती दिस झालं तुमाला! आता कुठं त्या म्हातारीची सय झाली व्हय?”

सयाजी घोंगडी काखेत मारून चालू लागला. सय त्याला रोज होत होती. पाय उचलत नव्हता.

सयाजी पलटणीत लांगरी होता. म्हणजे जवानांचा स्वैपाक त्याच्याकडं. त्याच्या हाताला चव होती आणि सगळ्यात मोठा भोक्ता गुंडा. दुसऱ्या कुणी वाढलं तर गुंडा ताट पुढं सारायचा, “सयाजीला बोलवा” म्हणायचा. मिसर देशातल्या छावणीत असताना ताप सुरू झाला. मुदतीचा ताप. एकामागून एक जवान आडवे व्हायला लागले. गुंडाच्या डोक्यावरचे केस पुंजक्यापुंजक्यानं गळाले, दात वाजायला लागले आणि अंगावर पाणी शिंपडलं तर वाफ निघेल असं अंग तापलं. शेवटपर्यंत तो सयाजीच्याच हातची पेज मागत होता. सयाजी भरवतही होता.

गुंडा गेल्यावर साहेबांनी लंगरातल्या सगळ्यांची तपासणी केली. रोगाचं बी निघालं ते सयाजीच्या पोटात.

“पर मला तर काय झालंच न्हाई,” सयाजी म्हणाला होता. आणि ते खरंच होतं. जन्मात त्याला कधी ताप आला नव्हता. छावणीत निम्मी पलटण आडवी असताना हा बैलासारखा राबत होता.

“तुला होणारही नाही,” दुभाष्यानं साहेबांचं बोलणं सांगितलं. “ताप तुझ्या पोटात वस्तीला आहे. तुला येत नाही. तुझ्या हातचं जो खाईल, त्याला येतो.”

आजारी माणसाला निदान आपण आजारी आहोत हे तरी कळतं. सयाजीला काहीच कळत नव्हतं. भूक लागायची, झोप लागायची, अंग कसं लखलखीत. त्या निरोगी अंगाचीच त्याला किळस यायला लागली. पलटणीनं घरी पाठवल्यावर त्यानं चुलीकडं पाठ फिरवली. पाण्याच्या घागरीला हात लावला नाही. धाकट्या लेकीचा, बनूचा, मुकादेखील घेतला नाही. अंजनाला वाटलं, लढाईनं माणूस कोरडा झाला.

वाडीवर पोचेपर्यंत ऊन माथ्यावर आलं होतं. वाडी सामसूम होती. सगळी माणसं शेजारच्या गावात लग्नाला गेलेली. कुठं कुत्रं भुंकत नव्हतं. चिंचेखाली एक गाय तेवढी डोळे मिटून उभी होती. तिचं रवंथही थांबलं होतं.

गुंडाचं घर वाडीच्या टोकाला, एकटं. त्याची आई, चंद्राबाई, सोप्यात गुडघ्यात मान घालून बसली होती. पाठीचं पार धनुष्य झालेलं. सयाजीनं उंबऱ्याबाहेर वहाणा काढल्या, तशी तिनं मान वर केली नाही, पण बोलली.

“आलास व्हय रं सयाजी?”

सयाजी जागच्या जागी थांबला. म्हातारीनं त्याला कधी पाहिलं नव्हतं.

“मावशी… मला कसं वळखलंत?”

“गुंडा म्हणला. आज येणार म्हणला.” तिनं हातानं जागा दाखवली. “बस. लय वाट बघाय लावलीस.”

पोराच्या दुःखानं म्हातारीचं डोकं फिरलंय, असं समजून सयाजी खाली बसला. घोंगडी तिच्या मांडीवर ठेवली. म्हातारीनं ती हुंगली आणि बाजूला ठेवून दिली. रडली नाही.

“चूल थंडी दिसतीया,” काहीतरी बोलायचं म्हणून सयाजी म्हणाला. “जेवलासा का न्हाई?”

“न्हाई. शेजारची देत्यात आणून. मी घेत न्हाई.” म्हातारीचा आवाज खाली गेला. “त्यो खात न्हाई, मग मी कशी खाऊ? रोज दुपारचं येतंय लेकरू. ह्या टायमाला. आत जाऊन पडतंय… कण्हतंय… ताट वाढलं का तोंड फिरवतंय. म्हणतंय, सयाजी येऊं दे.”

सयाजीनं न राहवून माजघराच्या दाराकडं पाहिलं. आत अंधार होता, बाहेरच्या उन्हामुळं जास्तच दाट वाटणारा. त्या अंधारातून वास येत होता. घामाचा, ओल्या लोकरीचा आणि आंबूस काहीतरी. छावणीतल्या आजाऱ्यांच्या तंबूत शिरल्यावर यायचा तो वास. आणि दाराशी ऊब होती. बाहेरच्या उन्हाची नव्हे. कुणीतरी तापानं फणफणलेलं माणूस अगदी शेजारी येऊन टेकल्यावर जाणवते, तशी.

“मावशी, मी जातो,” सयाजी उठला.

“चूल पेटीव,” म्हातारी म्हणाली.

“मला सांगू नका तसलं.”

“का?”

मग सयाजीनं उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. तपासणी, साहेबांचं बोलणं, गुंडाला भरवलेली पेज, सगळं. बायकोलाही न सांगितलेलं. म्हातारी ऐकून घेत होती. मध्येच तिनं माजघराकडं मान वळवली, जणू आतून कुणी ‘खरं आहे’ म्हणतंय.

“ठावं हाय मला,” ती म्हणाली. “म्हणून तर म्हणतीया. माज्या लेकानं जे खाल्लं, तेच मला वाढ. मला बी त्योच ताप येऊं दे. मग दुपारचं त्याला यावं लागायचं न्हाई. मीच जाईन.”

सयाजी दाराकडं वळला आणि थबकला. उंबऱ्यावर कुणीतरी बसलं होतं. बाहेरचं ऊन इतकं पांढरं होतं की तोंड दिसत नव्हतं. दिसत होतं ते फक्त केस गेलेलं डोकं आणि गुडघ्यांना मारलेली मिठी. थंडी भरल्यासारखे दात वाजत होते. भर वैशाखात… कटकट… कटकट.

सयाजीनं डोळे मिटले. उघडले तेव्हाही ते तिथंच होतं.

तो चुलीशी गेला. राखेनं हात घासले, धुतले, पुन्हा घासले. कातडी लाल होईपर्यंत घासले. म्हातारी बघत होती. शेजारणीनं आणून ठेवलेलं दूध त्यानं उतू जाईपर्यंत उकळलं. भाकरी आरावर पापुद्रा करपेपर्यंत भाजली. विस्तवापुढं कसलं बी टिकतंय, असं तो मनाशी घोकत होता. परातीतली भाकरी त्यानं फडक्यानं धरून पुढं सरकवली, बोट लागू दिलं नाही.

“मला दात हायत व्हय रं?” म्हातारी म्हणाली. “दुधात कुस्कर. हातानं.”

सयाजी तसाच बसून राहिला. कुस्करली नाही तर म्हातारी उपाशी मरणार होती. ते दिसतच होतं, तिच्या नखांवर निळसर झाक आली होती. आणि कुस्करली तर… पाठीमागं दात वाजायचे थांबले. कान देऊन ऐकणाऱ्यासारखी शांतता पसरली.

त्यानं भाकरी मोडली. दुधात बोटं घालून कुस्करली. तिच्यासमोर एक ताट, आणि तिनं बोट दाखवलं तिथं दुसरं. म्हातारी घास घास खात होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तोंडावर हसू होतं. सयाजी चूल विझवायला वळला. वळून पाहतो तर दुसरं ताट चाटूनपुसून स्वच्छ. उचलायला गेला आणि हात झटकला. पितळ तव्यासारखं तापलं होतं.

उंबऱ्यावर कुणी नव्हतं.

ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. म्हातारी गेल्याचा सांगावा आज येईल, उद्या येईल, म्हणून सयाजी वाट पाहत होता. आला नाही. श्रावणात, नागपंचमी होऊन गेल्यावर, कराडच्या बाजारात त्याला त्या वाडीचा कोंडीबा भेटला. म्हातारीचा शेजारी; बोलता बोलता ओळख निघाली. माणूस खंगला होता.

“लय वंगाळ दिस आल्यात गड्या,” कोंडीबा म्हणाला. “घराघरात ताप. माजा थोरला गेला. पर त्या चंद्राबाईचं नवल बघ. म्हातारी तरणी झाल्यावानी हिंडतीया. पंचमीला समद्या वाडीला पुरणाची दिंडं करून घातली. आता घरोघर पेज घिऊन जाती, भरवती. देवीच म्हणायची! तिला कायबी होत न्हाई.”

सयाजीच्या हातातली पिशवी खाली पडली. मिरच्या रस्त्यावर सांडल्या. त्या न वेचताच तो मोटारतळाकडं पळाला.

वाडीवर पोचला तेव्हा पाऊस उघडला होता. ढगाआडचं दुपारचं मळकट ऊन सगळीकडं पसरलं होतं. कुणाच्या तरी घरातून बाईचं रडणं ऐकू येत होतं, दमून गेलेलं, एका सुरातलं. म्हातारी आपल्या घरात होती. ताठ. पाठीचा बाक कुठल्या कुठं गेला होता. सोपा सारवलेला, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत पत्रावळी मांडलेल्या. लग्नाची पंगत बसावी तशा. माणूस मात्र एकही नाही.

“ताप आला न्हाई रं मला,” त्याला पाहताच ती तक्रारीच्या सुरात म्हणाली. “लय वाट बघितली. हातरूण घालून पडले. न्हाईच आला.”

“मावशी, हात थांबवा! तुमच्या हातनं माणसं मरत्यात!”

“मरत न्हाईत,” म्हातारी हळू आवाजात म्हणाली. बाळ झोपलं असावं आणि ते उठू नये, असं. “येत्यात. समदी दुपारचं येत्यात. कोंडीबाचं पोरगं येतंय… पाटलाची सून येती… भुकेजल्याली असत्यात. घर कसं भरल्यावानी वाटतंय बघ.”

सयाजीनं खाली पाहिलं. पत्रावळींच्या कडा एकीकडून आक्रसायला लागल्या होत्या. हिरवी पानं, पण उष्ण राखेवर धरल्यासारखी वळत, करपत चालली होती. एक… मग तिच्या शेजारची… मग त्याच्या पायाजवळची. आणि भिंतीकडून दात वाजल्याचा आवाज आला. एकट्याचा नव्हे. पुष्कळांचा.

तो ओरडला नाही, पळाला नाही. म्हातारीचा हात घट्ट धरला आणि जे सुचलं ते बोलला.

“चला मावशी, आमच्याकडं चला. गुंडाला बी घिऊन या.”

म्हातारी खुदकन हसली आणि निघाली.

त्यानं तिला आधी थेट सांगलीला, डॉक्टरकडं न्यायचं ठरवलं. शिराळ्याला मोटार मिळाली. गर्दी मरणाची होती, माणसं टपावर बसली होती. पण सयाजी आणि म्हातारीच्या मधली जागा रिकामी राहिली. एक टोपीवाला तिथं टेकला आणि चटका बसल्यासारखा उठला. “इंजान लय तापलंय,” म्हणाला. इंजिन तर पार पुढं होतं. पेठेला मोटार थांबली. कराडकडून, सयाजीच्या गावाकडून येणारी सडक तिथं मिळते. मोटार पुन्हा सुरू झाली तेव्हा म्हातारी मागं वळून पाहत होती. मघाच्या जागेवर एक बाई मूल घेऊन निवांत बसली.

सांगलीचे डॉक्टर विष्णुपंत वयस्क आणि शांत होते. सयाजीचं सगळं बोलणं त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं. पत्रावळींचं तो बोलला नाही, बाकी सगळं बोलला. डॉक्टरांनी दोघांचे नमुने तपासणीला दिले आणि धर्मशाळेत राहायची सोय करून दिली. वाडीला औषध आणि माणूस धाडायची व्यवस्थाही लावली. म्हातारी धर्मशाळेत दिवसभर गप्प पडून असायची. तिची पाठ पुन्हा वाकू लागली होती.

काही दिवसांनी डॉक्टरांनी सयाजीला आत बोलावलं.

“त्या बाईंच्यात काही नाही,” ते म्हणाले.

“आणि… माज्यात?”

“तुमच्यातही नाही. मी दोनदा करवून घेतली.”

“पर पलटणीत तर निघालं हुतं साहेब. चार-चारदा निघालं हुतं.”

“तेव्हा असेल. कधी कधी जातं. कसं जातं, कुठं जातं, ते मात्र आम्हालाही सांगता येत नाही.” विष्णुपंतांनी चष्मा काढला. “घरी जा. लेकरांना जवळ घ्या. आता तुम्हाला भीती नाही.”

सयाजी दवाखान्याच्या पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. आपलं अंग त्याला कितीतरी दिवसांनी आपलं वाटलं. म्हातारी शेजारी बसून होती. ती म्हणाली, “गुंडा गेला रं.”

“सुटला बिचारा,” सयाजी डोळे पुसत म्हणाला.

“सुटला न्हाई. पेठेला उतरला.” म्हातारी समोरच्या रस्त्याकडं पाहत राहिली. “तूच म्हणलास न्हवं, आमच्याकडं चला म्हणून?”

पुढचा प्रवास सयाजीला कधी आठवला नाही. गावात शिरला तेव्हा दिवस कलला होता. म्हातारीला हाताला धरून त्यानं जवळजवळ ओढतच आणलं होतं. घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. अंजना दारात आली. तोंडावर हसू होतं.

“आलासा? परवाच तुमचा दोस्त येऊन गेला की!”

“कोण दोस्त?”

“पलटणीतला. नाव न्हाई सांगितलं. बोलणं बी बेताचंच. भर दुपारचं आला. डोस्क्यावर केस न्हाईत, आजारातनं उठल्यावानी दिसत हुता. सयाजीनं बोलीवलंय, एवढंच म्हणला. मी भाकरी टाकाय लागले तर म्हणला, वैनी, तुमी बसा. आज मी करतो.” अंजना कौतुकानं बोलत होती. “काय हात हाय वो त्याचा! दूधभाकरी साधी, पर असली गोडी मी जन्मात खाल्ली न्हाई.”

“तू… खाल्लीस?” सयाजीनं विचारलं.

“मी घासभरच. बनूला लय आवडली. त्यानं कुस्करून तिला भरवली, ती चाटूनपुसून खाल्ली.”

“कुठं हाय बनू? बनूऽ!”

हाक ऐकून पोरगी गल्लीतून पळत आली. सयाजीनं तिला उचललं, कपाळाला हात लावला. गळ्याला लावला. पोटाला लावला. गार. ओढ्यातल्या गोट्यासारखं गार, टवटवीत अंग. गाल लालबुंद. घरी आल्यापासून पहिल्यांदाच बापानं उचलून घेतलं म्हणून ती हसत होती.

“काय झालंय तिला? चांगली तर हाय,” अंजना म्हणाली. “उलट परवापास्नं भारी अंगात आलंय तिच्या. जेवणात ध्यान न्हाई. सारखी वाटी घिऊन गल्लीतनं हिंडती. दिसंल त्या पोराला धरती आणि भरवती.”

बनूच्या हातात वाटी होतीच. तळाशी दुधात भिजलेले दोन-चार तुकडे उरले होते. बाकीची वाटी रिकामी होती. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कुणी बाई आपल्या पोरांना जेवायला हाका मारत होती आणि पोरं ओरडून सांगत होती, “भूक न्हाई गं… भूक न्हाई…”

बनूनं बापाच्या खांद्यावरून म्हातारीकडं पाहिलं. ओळखीचं माणूस भेटावं तशी हसली. मग वाटीत बोटं घालून तिनं एक घास उचलला आणि हात पुढं केला.

चंद्राबाई उंबऱ्यावर बसली आणि तिनं तोंड उघडलं.